वार होणार आहे की नुसतं बघणार आहेत?

परत तोच वाद सुरू झालाय. कुठल्याही फँटसी गेमचा ट्रेलर आला की ठरलेलंच असतं, पुरुष योद्धा हनुवटीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत लोखंडात बंद, आणि शेजारी उभी बाई, तिच्या खांद्यांवर ही भलीमोठी पोलादी पाती, गुडघ्याच्या वरपर्यंत पोलादी बूट, आणि मधे जिथे आतडी यकृत वगैरे किरकोळ सामान असतं तिथे मोकळी हवा. मग खाली दोन टोळ्या भिडतात. एक म्हणते हे अवास्तव आहे, दुसरी म्हणते ड्रॅगन चालतो तुम्हाला आणि बिकिनी खुपते होय. मला या दोन्ही टोळ्यांचा कंटाळा आलाय म्हणून लिहितेय, पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

ड्रॅगनवाला मुद्दा आधी निकालात काढू कारण तो सगळ्यात आळशी आहे. गोष्टीत ड्रॅगन आहे म्हणजे काहीही खपतं असं नसतं हो. त्या जगातही आग भाजते, तलवार कापते, कड्यावरून पडलं की हाड मोडतं, आणि मोडतं म्हणूनच तर शेजारचा बाप्या वीस-पंचवीस किलो लोखंड अंगावर वागवत फिरतोय ना? नियम लेखकानेच ठरवलेत, पाळतायत पण सगळे, सूट फक्त एकीला. ती सूट का, एवढंच विचारतोय आपण. ड्रॅगनचा काय संबंध.

आता माझ्याच बाजूच्या, म्हणजे हे अवास्तव आहे म्हणणाऱ्या लोकांकडे वळते. २०१३ मध्ये एक लेख खूप फिरला होता की छातीच्या जागी दोन वाट्या ठोकलेलं चिलखत, ज्याला सगळे बूब प्लेट म्हणतात, ते घालणारीचाच जीव घेईल, कारण दोन उंचवट्यांमधून तलवारीचं टोक घसरून बरोबर छातीच्या मधल्या हाडावर येणार. तत्त्व बरोबर आहे. छातीचं पोलादी कवच बाहेर फुगीर असतं ते वार सरळ न बसता बाजूला निसटावा म्हणून, आणि आत जाड भरलेला अंगरखा असतो, कवच अंगाला चिकटून बसतच नाही, त्यामुळे त्या फुगीर आकारात बाईही सहज मावते, वेगळ्या वाट्या लागतच नाहीत. इथपर्यंत ठीक. पण त्यावरून "असलं काही कुणी कधी घातलंच नसतं" अशी जी गर्जना होते ना, ती इतिहास न वाचता केलेली असते. रोमन सेनापती पोटाचे सहा स्नायू, बेंबी, स्तनाग्रं सगळं कोरलेली छातीची कवचं घालायचे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोटाशी टोक काढून खाली झुकलेल्या कवचांची फॅशन होती. आणि इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं १५४० चं चिलखत टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, त्याच्या जांघेत जे पोलादी प्रकरण बसवलंय ते एकदा फोटोत बघाच, मी वर्णन करत नाही, घरचे वाचतात.

म्हणजे नटणं ही काही आजच्या गेम डिझायनरने बायकांवर लादलेली गोष्ट नाही, चिलखतात पुरुष मनसोक्त नटलेत. फक्त नटायचं म्हणून त्यांनी कुठे भोक ठेवलं नाही, जिथे नटले तिथे लोखंड उलट वाढवलं.

आणि उघड्या अंगाने कुणी लढतच नसे हेही खोटं. रोमन ग्लॅडिएटर उघड्या छातीने उतरायचे. ब्रिटिश म्युझियममध्ये हॅलिकार्नासस (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं शहर) इथली एक कोरीव शिळा आहे, त्यात अ‍ॅमेझॉन आणि अ‍ॅकिलिया नावाच्या दोन स्त्री ग्लॅडिएटर आहेत, सगळा सरंजाम पुरुषांसारखाच, फक्त शिरस्त्राण नाही. पण तिथे चारी बाजूंनी प्रेक्षक बसलेले होते. ती लढाई होती दाखवायची.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. चिलखत म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्द असतो, की या माणसावर वार होणार आहे. छातीवर जाड पोलाद दिसलं की आपल्याला न सांगता कळतं, हा मार खाणार, कदाचित मरेलही, आणि मग त्याची लढाई आपण श्वास रोखून बघतो. बाईच्या अंगावर नुसती पोलादी नक्षी असेल तर चित्रकाराने आधीच सांगून टाकलंय की हिला कुणी मारणार नाहीये, हिला बघणार आहेत. मग तिने शंभर राक्षस कापले तरी मला काही वाटत नाही, कारण तिच्या जिवाला धोका आहे यावर तिला काढणाऱ्याचाच विश्वास नाही. मला अंगप्रदर्शनाने धक्का बसतो म्हणून मी चिडत नाही, मी चिडते कारण माझी लढाई पचपचीत करून टाकली.

म्हणूनच कॉमिक्समधल्या तलवारबाज रेड सोन्जावर माझा फारसा राग नाही, आणि यावरून माझ्याच मैत्रिणी माझ्याशी भांडतात. गंमत म्हणजे १९७३ साली कोनन कॉमिक्सच्या २३ व्या अंकात ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगात साखळीचा सदरा होता! ती सुप्रसिद्ध पोलादी बिकिनी दुसऱ्या वर्षी, १९७४ ला, एस्तेबान मारोतो या स्पॅनिश चित्रकाराने काढली आणि मग तीच चिकटली. पण तिच्या शेजारी कोनन कसा हिंडतो? कमरेला केसाळ चिंधी. त्या जगात कुणीच धड कपडे घालत नाही, सगळेच तेल लावून चमकतायत. चालतंय की मग. नियम दोघांनाही सारखा. (तरी लोखंडाच्या कड्या थेट कातडीवर, घोड्यावर बसून, उन्हात. असो.)

हा खोडसाळपणा आजचा नाही याचा माझा सगळ्यात आवडता पुरावा म्हणजे फ्रान्ससाठी इंग्रजांशी लढलेली जोन ऑफ आर्क. १४२९ मध्ये तूर शहरात तिच्यासाठी पूर्ण चिलखत बनवलं, १०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजून. केस आखूड, कपडे पुरुषी. ओर्लेआंच्या लढाईत मान आणि खांद्याच्या मधे बाण लागला तरी लढली, जार्जोला शिडीवर असताना डोक्यात दगड बसला, शिरस्त्राणाने तो झेलला आणि ती उठून परत ओरडायला लागली. म्हणजे चिलखताने चिलखताचं काम केलं. आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पार्लमेंटच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाच्या, एका कारकुनाने नोंदवहीच्या समासात तिचं छोटंसं चित्र काढलं, ती जिवंत असताना काढलेलं आज शिल्लक असलेलं तेवढंच. तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. हातात निशाण, तलवार, आणि अंगात काय? झगा! वर लांब मोकळे केस! सहाशे वर्षांपूर्वीचा कारकून, लढाईची बातमी लिहितोय, आणि हात आपोआप झग्याकडे वळला.

त्या कारकुनाला मी माफ करते, बिचाऱ्याकडे फोटो नव्हता. २०१५ च्या मेटल गिअर सॉलिड ५ या गेममधल्या क्वाएटचं काय करू? ती स्नायपर आहे, युद्धभूमीवर बिकिनी आणि फाटके स्टॉकिंग घालून. त्यावर आधीच टीका झाली तेव्हा गेमचे कर्ते कोजिमा साहेब म्हणाले होते की कारण कळलं की तुम्हाला तुमच्या बोलण्याची लाज वाटेल. कारण काय निघालं, तर तिच्या शरीरात परजीवी आहेत, ती कातडीतून श्वास घेते, उन्हावर जगते, कपड्यांत गुदमरेल. आणि त्याच मालिकेत २००४ च्या भागात द एन्ड नावाचा म्हातारा स्नायपर आहे, तोही उन्हावरच जगतो, तो मात्र अंगभर कपड्यांत! म्हाताऱ्याची कातडी गुदमरत नाही वाटतं. आधी चित्र ठरलं, मग त्याला शोभेल असं जीवशास्त्र शोधलं, हे इतकं उघड दिसतं की मला लाज वाटलीच, पण माझ्या बोलण्याची नाही.

सायन्स फिक्शनमध्ये तर हे अजून विनोदी होतं, कारण तिथे शत्रू फक्त तलवार नाही, हवाच नाहीये. मास इफेक्ट २ (२०१०, माझा लाडका गेम, उगाच अंगावर येऊ नका) मध्ये जॅक नावाची बाई छातीवर दोन पट्टे बांधून फिरते, ठीक आहे, तिचा स्वभाव तसा आहे, मी मान्य करते. पण जहाजाबाहेर निर्वातात जायचं तर तोंडाला एक मास्क लावला की झालं. बाकीचं अंग बहुतेक निर्धाराच्या जोरावर टिकतं.

मेट्रॉइड गेमच्या नायिकेचं, सॅमस अरानचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. १९८६ चा मेट्रॉइड, अख्खा गेम तुम्ही जाडजूड सूटमधल्या योद्ध्याला खेळवता आणि शेवटी कळतं की आत बाई होती, काय सुंदर! सूट ना बायकी ना पुरुषी, सूट म्हणजे सूट. पण तोच गेम तुम्ही जितका पटकन संपवाल तितके तिचे कपडे कमी, एका तासाच्या आत संपवलात तर बिकिनी. या वादातली सगळ्यात भारी कल्पना आणि सगळ्यात स्वस्त कल्पना एकाच गेमच्या एकाच शेवटात. नंतर २०१५ ला स्टार वॉर्समधली कॅप्टन फॅस्मा आली, डोक्यापासून पायापर्यंत क्रोम, तेव्हा कुणीतरी तक्रार केली की हे बाईचं चिलखत वाटत नाही, आणि स्टार वॉर्सच्या अधिकृत पेजने उत्तर दिलं की हे चिलखत आहे, बाईच्या अंगावर आहे, ते बायकी दिसायलाच हवं असं नाही. मस्त. फक्त पिक्चरमध्ये तिला काम काहीच दिलं नाही हा वेगळा वैताग.

बरं मग उलटा प्रश्न येतो, म्हणजे बायकांनी पुरुषांचंच चिलखत घालायचं का? तर नाही, आणि इथे खऱ्या जगाकडे बघावं. मार्च २०१९ मध्ये अवकाश स्थानकाबाहेर अ‍ॅन मक्लेन आणि ख्रिस्टिना कोक या दोघींचा एकत्र स्पेसवॉक ठरला होता, तो बदलावा लागला कारण मीडियम मापाचा धडाचा भाग एकच तयार होता. मग ऑक्टोबरमध्ये कोक आणि जेसिका मायर गेल्या. अमेरिकन लष्करातल्या बायका कित्येक वर्षं पुरुषी मापाची जॅकेटं वापरत होत्या, बाजूला फटी राहायच्या, बंदूक खांद्याला नीट टेकायची नाही, शेवटी २०१२ च्या सुमारास १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या स्त्री सैनिकांकडे वेगळ्या मापाची जॅकेटं चाचणीला गेली, धड आखूड, खांदे अरुंद, छातीशी थोडी शिवण. ते जॅकेट बाईचंच आहे. पण ते गोळी अडवायला बाईचं आहे. गेम ऑफ थ्रोन्समध्ये जेमी हा सरदार ब्रिएन या योद्धा बाईला तिच्या मापाचं चिलखत देतो तो प्रसंग मला म्हणूनच एवढा आवडतो, आख्ख्या मालिकेत कुणीतरी पहिल्यांदा तिचं माप नीट घेतलेलं असतं.

कुणाला बिकिनी आवडते तर आवडू दे, खरंच. मलाही कधीकधी कॅरेक्टर सजवायला मजा येते, तासन् तास जातात. मला राग येतो तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट गेममधल्या त्या जुन्या चिलखतांचा, जी पुरुष कॅरेक्टरला घातली तर पूर्ण आणि तीच बाईला घातली की पोट उघडं, वस्तू एक, संरक्षणाचे आकडे एक, कापड मात्र निम्मं. मला निवडायला द्या की! दोन्ही ठेवा, आणि दोन्ही दोघांनाही ठेवा, बाप्यालाही ती बिकिनी घालता येऊ दे, बघू किती जण घालतात. डार्क सोल्स या गेमने २०११ लाच फारसा गाजावाजा न करता हे सोडवलं होतं, जाड चिलखत चढवलं की आत बाई आहे की बुवा ते तुमचं तुम्हालाच आठवावं लागतं, आणि बॉस, म्हणजे गेममधला मोठा राक्षस, दोघांनाही सारखंच तुडवतो.