पाटी बदलली, आप्पा तेच

दिवाळीआधी दोन दिवस भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून त्याच्या ऑफिसात गेलो. अमळनेर तालुक्यातलं गाव, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. ऑफिस म्हणजे ग्रामपंचायतीच्या आवारातली एक खोली. दारावरची पाटी नवी, पत्रा मात्र जुनाच. त्यावर निळा रंग फासून पांढऱ्या अक्षरांत 'ग्राम महसूल अधिकारी' लिहिलेलं. पेंटरने रंगाचा एकच हात दिला होता, त्यामुळे ऊन तिरपं पडलं की खालून 'तलाठी' डोकं वर काढायचा.

भाचा कुलूप काढतोय तोच धोतरातले एक बाबा आले. समोर माणूस दिसत असूनही, रीत म्हणून, पाटीखाली थांबून त्यांनी विचारलं, "आप्पा शेतस का?" म्हणजे, आहेत का?

भाचा एकोणतीस वर्षांचा, बाबा सत्तरीच्या पुढचे. तरी आप्पा हाच. आमच्याकडे तलाठी कितीही पोरसवदा असो, त्या खुर्चीवर बसला की आप्पा नाही तर भाऊसाहेब होतो. तहसीलदार रावसाहेब, मंडळ अधिकारी 'सर्कल'. ही नावं कुठल्या शासन निर्णयात नाहीत, म्हणून शासन निर्णयाने ती बदलतही नाहीत.

ज्यांच्या कानावर नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी केलं. त्याच साली ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं मिळून ग्रामपंचायत अधिकारी झाला. २०२५ मध्ये कोतवालाचा महसूल सेवक झाला. लिपिक तर आधीच महसूल सहायक झालेला होता. आमच्या घरच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस धुमश्चक्री चालली. मी इथून, जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या गावातून, टाइप केलं की काम तेच, सातबारा तोच, मग पाटी रंगवायचा खर्च कशाला? भाच्याने लिहिलं, "मामा, तिकडून बोलणं सोपं आहे. तलाठी म्हटलं की माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. अधिकारी म्हटल्यावर तो अर्जाकडे गेला तरी खूप." पटलं असं नाही, पण त्या रात्री पुढे काही टाइप केलं नाही.

खरं तर शब्दांचे अर्थ बदलतात याची मला चीड येत नाही. पुण्यातले माझे काही मित्र मराठी बिघडली म्हणून रोज सुतक पाळतात, त्यांच्यात मी बसत नाही. शिपाई म्हणजे सैनिक. आज तोच साहेबांचा चहा आणतो. त्याला इंग्रजीत प्यून म्हणून सुटका होत नाही, कारण तो शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि तिथेही त्याचा अर्थ पायदळातला सैनिकच. म्हणजे दोन फौजांचे दोन जवान एकाच स्टुलावर येऊन बसले. कोतवाल एकेकाळी शहराचा बंदोबस्त पाहायचा, तो गावात दवंडी पिटू लागला. मोगलाईतला फौजदार पुढे पोलीस ठाण्यात आला आणि आमच्या खानदेशात तर थेट फौजदारी डाळीत उतरला. भरपूर लसूण, मिरची, सोबत कळण्याची भाकरी. साहेब हा मुळात अरबी शब्द, अर्थ सोबती. आता सोबत्याला कोणी साहेब म्हटलं तर तो उधारी मागायला आलाय असं समजावं.

इथे जर्मनीतही हेच. इंग्रजांचा 'नाइट' आणि जर्मनांचा 'क्नेश्त' हे मूळचे एकच शब्द. इंग्लंडात तो सरदार झाला, इथे शेतावरचा गडी राहिला. मार्शल हा मुळात घोडे सांभाळणारा नोकर, तो चढत चढत सैन्याच्या टोकाला गेला. 'फ्राउ' एकेकाळी खानदानी स्त्रीलाच म्हणत, आता दूधवालीपासून मंत्र्यापर्यंत सगळ्याच फ्राउ. लग्न न झालेलीला 'फ्रॉइलाइन' म्हणायची सरकारी पद्धत पश्चिम जर्मनीने १९७२ मध्ये बंद केली. आपली बाई मात्र उलट्या वाटेने गेली. अहिल्याबाई, जिजाबाई, आमच्या आसोद्याच्या बहिणाबाई. या नावांमागचं 'बाई' आणि पुण्याच्या सोसायटीत "आज बाई आली नाही, भांडी पडलीयेत" मधलं बाई, शब्द एकच. मला अक्षरं शिकवणाऱ्या शिक्षिकेला आम्ही सगळे बाई म्हणायचो. परवा त्या भेटल्या, मी "बाई" म्हणून वाकलो. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेने मला सुधारलं, "मॅडम म्हणा." बाईंना त्याचं काही वाटलं नाही, मलाच वाटलं.

पण एक फ्रॉइलाइन सोडली तर हे सगळं लोकांच्या तोंडात शेकडो वर्षांत घडलेलं आहे, कोणी सहीशिक्का मारून केलेलं नाही. माझं दुखणं सहीशिक्क्याचं आहे, आणि ते मी स्वतः भोगलंय.

पुण्यात एका कंपनीत चौथ्या वर्षी मला पगारवाढ हवी होती. ती मिळाली नाही, 'असिस्टंट मॅनेजर' मिळालं. मॅनेज करायला हाताखाली एक माणूस नव्हता, पण वडिलांनी ते त्याच आठवड्यात लग्नाच्या बायोडेटात घातलं. इथे आलो तेव्हा करारावर माझं पद होतं 'झाखबेआर्बाइटर', खरेदी विभाग. फोड केली तर 'बाब हाताळणारा'. वडिलांना फोनवर समजावताना मराठी शब्द शोधत होतो आणि एकच सापडला, कारकून. फारसीत 'कार' म्हणजे काम, ते करणारा कारकून. अगदी तंतोतंत तोच अर्थ. फोनवर पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग मागून मोठी आई ओरडली, "तठे तू साहेब शेस ना रे?" मी हो म्हणालो. पगार पुण्याच्या कितीतरी पट होता, पण मोठ्या आईला तो सांगून काय उपयोग?

आता गंमत अशी की आमच्या ऑफिसात भारतातल्या पुरवठादारांचे मेल येतात त्यात सही करणारा प्रत्येक जण व्हाइस प्रेसिडेंट. एकदा त्यातल्या एकाने मला कळवलं की दराबद्दल तो "त्याच्या पातळीच्या" माणसाशी बोलेल. मी मेल साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "दर तू ठरवतोस ना? मग तूच त्याची पातळी." विषय संपला.

यावरून जर्मन माणसाला पदाचा सोस नाही असं मी म्हणालो तर तो खोटेपणा होईल. सोस आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे. आमच्या इमारतीत दरवर्षी धुराड्याची तपासणी होते. 'शोर्नस्टाइनफेगर', धुराडं झाडणारा, येण्याआधी दारावर चिठ्ठी चिकटवून जातो की अमुक दिवशी अमुक वाजता घरी राहा. दवंडीच म्हणायची. मग काळ्या कपड्यांत येतो, गॅसच्या बॉयलरच्या नळीत काडी घालून धुराचं मोजमाप घेतो, कागद हातात देतो. भेटला की शकुन चांगला म्हणून म्हातारी माणसं त्याच्या अंगाला हात लावतात. त्याचा हद्दीचा इलाखा सरकारने आखून दिलेला असतो, हुबेहूब तलाठ्याच्या साझ्यासारखा. त्यामुळे मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

तर याचंही पदनाम बदललं. पूर्वी त्याच्या पदनामात 'माइस्टर', म्हणजे उस्ताद कारागीर, होतं. २०१३ पासून नाव झालं 'अधिकार दिलेला इलाख्याचा धुराडेवाला', जर्मनमध्ये ते एका श्वासात म्हणता येत नाही. मात्र नावाबरोबर कायदाही बदलला. इलाख्यातल्या सगळ्या कामावरची त्याची मक्तेदारी गेली, नेमणूक सात वर्षांची झाली. मी त्याला विचारलं, नवं नाव कसं वाटतं? तो म्हणाला, नाव कोण बघतं, सात वर्षांनी पुन्हा अर्ज करावा लागतो ते बघ.

भाच्याचं तसं झालेलं नाही. त्याचं काम पाटीच्या आधीच बदललं होतं. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवतो, सातबारा ऑनलाइन निघतो. ते बदललं तेव्हा नाव बदललं असतं तर माझी तक्रार नव्हती. (जर्मनांचंही सगळं सरळ नाही. २०२० पासून इथल्या माइस्टरला 'बॅचलर प्रोफेशनल' अशी इंग्रजी शेपटी लावता येते. ज्यांनी भट्टीसमोर उमेदवारी केली तेही त्यावर हसतात.)

खरी ठेच मला ताईपाशी लागते. या भाच्याची आई, माझी थोरली बहीण, चोवीस वर्षं अंगणवाडीत आहे. एका घरात मुलगा अधिकारी आणि आई सेविका. तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. हा शब्द ज्याने शोधला त्याची बुद्धी मानायला हवी. मान आणि धन दोन्ही एका शब्दात, आणि हातात पडतं तेव्हा दोन्हीतलं काही पुरेसं नसतं. 'सेवक', 'सेविका', 'स्वयंसेविका' हे शब्द सरकारी भाषेत जिथे दिसतील तिथे पगारपत्रक उघडून बघा. नव्या शिक्षकांना २००० साली 'शिक्षण सेवक' केलं ते तीन वर्षं कमी पैशांत राबवण्यासाठीच. आशा ताई तर स्वयंसेविका, म्हणजे स्वतःहून आलेल्या. आता कोतवालालाही सेवक जोडलंय. चतुर्थ श्रेणीचा दर्जा द्या, ही त्यांची मागणी जुनी आहे. पाटी मात्र लगेच मिळाली.

मानधन म्हणजे वेतन की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी लागू होते, आणि त्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच. शब्दाचा अर्थ असाही बदलतो, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. ताईला सांगितलं तर म्हणाली, "कागदावर झालं ना, हातात येऊ दे." डिसेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा संपावर होती.

मागच्या रविवारी तिचा फोन आला. माझी मुलगी इथल्या किंडरगार्टनमध्ये जाते, त्यावरून विषय निघाला.

"तिथं अंगणवाडीवालीला काय म्हणता?"

"पूर्वी किंडरगेर्टनरिन म्हणायचे. आता एर्त्सीअरिन. म्हणजे घडवणारी."

"त्यांनीबी नाव बदललं म्हण की."

"बदललं. पण २०१५ साली त्या संपावर गेल्या तेव्हा वरची श्रेणी मागत होत्या."

"अन् तिला पगार म्हणता का मानधन?"

"पगार."

ती काही बोलली नाही. मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "थंडी फार पडली का रे तिकडं? पोरीला कानटोपी घालत जा."