संस्थानी पोलिसांचे बिल्ले: फिरत्या संदेशाला उत्तर

जुनी पदकं, बिल्ले जमवणाऱ्यांमध्ये एक संदेश जोरात फिरतोय. ‘बिल्ल्यावर संस्थानाचं नाव आणि पोलीस असं कोरलेलं असेल, तर तो १९४७ पूर्वीचाच. मुकुट असेल तर इंग्रजी अमलातला. हिरवा गंज चढलाय म्हणजे अस्सल. आणि राज्यच उरलं नाही, तेव्हा विकायला किंवा परदेशी पाठवायला कायद्याची आडकाठी नाही.’ नवे संग्राहक यावर पैसे घालतायत, म्हणून लिहितोय.

पहिली चूक तारखेची. १५ ऑगस्ट १९४७ ला संस्थानांवरचं ब्रिटिश अधिराज्य संपलं, संस्थानं नाही. औंध, फलटण, सांगली ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला, बडोदा १ मे १९४९ ला. तोवर तिथला शिपाई संस्थानाचाच नोकर होता. हैदराबादेत तर सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामाची सत्ता गेली, पण हैदराबाद हे राज्य मराठवाड्यासकट १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत टिकलं. म्हणजे ‘हैदराबाद पोलीस’ एवढ्यावरून बिल्ला निजामाच्या काळातला की नंतरचा, हे ठरतच नाही. मध्य भारत, सौराष्ट्र, पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचा संघ) ही राज्यं तर १९४८ मध्ये झाली आणि १९५६ मध्ये नकाशावरून गेली. त्यांच्या पोलिसांचे बिल्ले मला सर्वांत मोलाचे वाटतात, आणि नेमके तेच ‘नंतरचे’ म्हणून मोडीत जातात. याचं फार वाईट वाटतं.

नुसती आद्याक्षरं असली तर आणखी जपून. ‘एच. पी.’ हैदराबाद असेल, हिमाचलही असेल.

मुकुट हा पुरावा आहे, पण तो वाचावा लागतो. १९०१ नंतरच्या ब्रिटिश मुकुटाच्या कमानी गोलसर असतात. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात, म्हणजे १९५२ नंतर, त्या मध्यभागी दबलेल्या दिसतात. भारत १९५० मध्येच प्रजासत्ताक झाला, तेव्हा असा दबका मुकुट ‘भारतीय’ बिल्ल्यावर दिसला तर तो सरळ परत करा. शिवाय अनेक संस्थानांची स्वतःची चिन्हं होती: ग्वाल्हेरचे नाग, इंदूरचा सूर्य. गोव्याकडच्या पोर्तुगीज बिल्ल्यांना वेगळा नियम: पोर्तुगालची राजेशाही ५ ऑक्टोबर १९१० लाच गेली, त्यामुळे त्यावर राजमुकुट असेल तर घडण बहुधा त्याआधीची.

गंजाबद्दल थोडक्यात. अमोनियाच्या वाफेत पितळेवर हिरवा थर सहज चढतो. बिल्ला उलटा करून मागची बाजू बघा. ठशाने ठोकलेल्याच्या कडा आणि अक्षरं तीक्ष्ण असतात. ओतीव नकलेची अक्षरं बोथट, पृष्ठभाग खरबरीत आणि आकार बहुतेकदा किंचित लहान. आणि प्रत्येक पितळी पाटी पोलिसाची नसते; कचेरीतले चपराशीही पट्ट्यावर पितळी चपरास लावत.

कायदा नाही, हे तर धोक्याचं. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा वस्तू काढणारं राज्य आज आहे की नाही, हे विचारत नाही. १०० वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, आणि देशात तिचा धंदा करायलाही परवाना लागतो. १९२० सालचा बिल्ला आज या वयात पोचलाय. परदेशी ग्राहकाला पाकीट पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून तो पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र मागा.