‘ते डेव्हलपर बघून घेईल’ म्हणणाऱ्यांना

डिझाइन शिकवणाऱ्यांमध्ये सध्या एक मत जोरात फिरतंय. सारांश असा: ‘पहिल्या वर्षाच्या मुलांवर ॲक्सेसिबिलिटीचं (अपंगांसह सगळ्यांना वापरता येईल असं डिझाइन करण्याचं) ओझं टाकू नका, आधी हात मोकळा होऊ द्या. नियमांनी डिझाइन रटाळ होतं. अंध वापरकर्ते मूठभर. शेवटी डेव्हलपर बघून घेतोच, नाहीतर साइटवर वरून जोडायचं प्लगइन आहे.’ ऐकायला समजूतदार वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘डेव्हलपर बघून घेतो.’ काय बघणार तो? वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. २०२५ मध्ये सर्वांत जास्त आढळलेला दोष होता फिकट मजकूर: ७९.१ टक्के पानांवर. आता रंग काही डेव्हलपर निवडत नाही. हेक्स कोडमध्ये (रंगाच्या सहा-अक्षरी संकेतात) सहा वेळा ९ लिहिला की येणारा तो ‘एलिगंट’ करडा पांढऱ्यावर २.८५:१ एवढाच कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं गुणोत्तर) देतो. साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजी ही ॲक्सेसिबिलिटीची आंतरराष्ट्रीय नियमावली किमान ४.५:१ मागते. आणि आपल्याकडचं लाडकं, केशरीवर पांढरं? एफएफ९९३३ या केशरीवर ते भरतं २.१३:१. त्याच केशरीवर काळी अक्षरं ठेवा, आकडा ९.८च्या पुढे जातो. म्हणजे ‘रटाळ’वाल्या मुद्द्याचंही इथेच निपटलं, रंग तोच राहिला.

फॉर्म घ्या. चौकटीतच फिकट ‘मोबाइल क्रमांक’ लिहिलेलं, बाहेर लेबल नाही. टाइप करायला लागलं की ते गायब. चूक झाली तर चौकट फक्त लाल होते. ज्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही त्याला काही कळत नाही, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) नुसता रंग वाचून दाखवत नाही. चूक सांगणारा संदेश कुठे बसणार, हे डिझाइनच्या फाइलमध्ये कोणी काढलेलंच नसतं. डिझाइन हातात पडल्यावर डेव्हलपर विचारतो तेव्हा उत्तर येतं, ‘लेआउट बिघडेल, पुढच्या रिलीजला बघू.’

मराठीत तर हे दुखणं आणखी खोल. बटणाची उंची ‘सबमिट’ हा शब्द रोमनमध्ये ठेवून ठरवलेली असते. मग तिथे ‘पुष्टी करा’ येतं, उकार खाली कापला जातो, वेलांटी वर चिकटते. अक्षरं दुप्पट मोठी केली तर विचारूच नका. यावर सोपा उपाय म्हणून मजकुराची जेपीजी करून चिकटवतात. डोळ्यांना सुंदर, स्क्रीन रीडरला शून्य. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांतल्या पीडीएफची तीच गत: वर मराठी दिसते, आत रोमन अक्षरांची खिचडी. हे सगळं कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ठरून गेलेलं असतं.

‘मूठभर अंध.’ २०११च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांचीच संख्या ५० लाखांवर होती आणि एकूण अपंग व्यक्ती २.६८ कोटी. चाळिशीचा चष्मा घरी विसरलेले यात मोजलेलेच नाहीत. शिवाय प्रश्न फक्त दृष्टीचा नाही. ई-केवायसीत (बँक वगैरेंसाठी ऑनलाइन ओळख पटवताना) ‘डोळे मिचकवा’ असं सांगितलं जातं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही जणींना ते शक्यच नव्हतं. त्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पापणी हलवण्याला पर्याय हवा, हा प्रश्न फ्लो (एकामागून एक येणाऱ्या पडद्यांचा क्रम) काढतानाच पडायला हवा होता. त्यासाठी सर्वोच्च न्यायालय लागलं!

प्लगइनबद्दल फार बोलत नाही. ‘आमचं एआय टूल लावा, कुठलीही साइट डब्ल्यूसीएजीत बसेल’ असा दावा करणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीला २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दहा लाख डॉलर भरायला लावले.

राहिलं ‘ओझं’. प्रिंट शिकणाऱ्या मुलाला ब्लीड (कापण्यासाठी कडेला सोडलेली जादा छपाई) आणि सीएमवायके (छपाईचे चार रंग) सुरुवातीलाच शिकवतात. त्याने त्याची प्रतिभा कोमेजते, असं कोणी म्हणत नाही. इथेही पहिल्या सत्रात फार मागायचं नाही. वायरफ्रेमवर (पानाच्या कच्च्या आराखड्यावर) टॅबची कळ दाबत गेलं की फोकस, म्हणजे निवड, कुठून कुठे जाईल त्याचे क्रमांक घालायचे. प्रत्येक फॉर्मसोबत चुकलेला फॉर्मही काढायचा. रंग भरण्याआधी पान करड्यात बघायचं. मजकूर पहिल्यापासून मराठीत टाकायचा, ‘लोरेम इप्सम’ हा जागा भरायचा निरर्थक लॅटिन मजकूर नको. आणि ज्युरीच्या (परीक्षकांपुढच्या सादरीकरणाच्या) दिवशी प्रोटोटाइप, म्हणजे चालणारा नमुना, दाखवताना माउस बाजूला काढून ठेवायचा.