वाचनालय हायटेक करायचंय? आधी पुस्तकं वर हलवा

अभिनंदन! गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर तुम्ही बिनविरोध निवडून आलात. (दुसऱ्या कुणाचा अर्जच नव्हता, हे कुठे बोलायचं नसतं.) आता कोनशिलेवर नाव लागायचं तर तुमच्या कारकिर्दीत संस्था हायटेक व्हायलाच हवी. आमच्या गावाने हा रस्ता तुडवलाय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

सुरुवात इमारतीपासून. जुनी पाडायची. सागवानी खांब, मंगलोरी कौलं आणि हातभर जाडीच्या भिंती, त्यामुळे एप्रिलातसुद्धा पंखा लावावा लागत नाही. मग वीजबिल दाखवायचं कशाचं? नव्या इमारतीला दर्शनी काच हवी, तीही पश्चिमेला. दुपारच्या उन्हात मासिकं महिनाभरात पिवळी पडतात आणि पाहुण्यांना वाटतं, केवढा जुना संग्रह! तळमजल्यावर गाळे काढा. पहिल्या मजल्यावर बहुउद्देशीय सभागृह. उद्देश पुष्कळ असतात, एक साखरपुडा, दुसरा बारसं. राहिलेली पुस्तकं तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नकाशात जरूर दाखवा. नियमित सभासद बहुतेक सत्तरीच्या पुढचे, गुडघे धरून चालणारे. ते वर येत नाहीत, पुस्तकं झिजत नाहीत.

उद्घाटनाच्या भाषणात सनावळी पेरा. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं. तेव्हाची माणसं कंदिलाच्या उजेडात वाचायची, हे मात्र बोलू नका. लोक विचार करायला लागतात.

आता तंत्रज्ञान, म्हणजे खरी मौज. ग्रंथालयासाठी 'कोहा' नावाची संगणक प्रणाली आहे. जन्म न्यूझीलंडचा, मिळते फुकट. सरकारच्याच संगणक संस्थेने, एनआयसीने केलेली 'ई-ग्रंथालय' आहे. दोन्हींपासून लांब राहा. फुकट वस्तूचं कोटेशन येत नाही आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय सभेत ठराव होत नाही.

आम्ही रीतसर ठराव करून दारात चोर पकडणारं गेट बसवलं. त्याच्या चिपा पुस्तकांना लागायच्या अजून बाकी आहेत. आजवर ते एकदाच वाजलं, उद्घाटनाच्या दिवशी, बसवणाऱ्या इंजिनिअरने खिशातली चिप समोर धरली तेव्हा. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

मग दाखल नोंदवह्या संगणकावर चढवायच्या. हे काम नगावर द्या, एका नोंदीला अमुक पैसे. आमच्या नोंदवहीत पूर्वीचे एक ग्रंथपाल, मोठा भाविक माणूस, लेखक वारला की त्याच्या नावाआधी तांबड्या शाईने 'कै.' लिहीत. टंकणाऱ्या मुलाने जसं दिसलं तसं टंकलं. परिणामी आमच्याकडचे सगळे दिवंगत लेखक आता 'क' या अक्षराखाली गुण्यागोविंदाने नांदतात. वर्गीकरणाचंही तसंच. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी कविता 891.461, नाटक .462, कादंबरी .463. एवढे आकडे कशाला, म्हणून दशांशापुढे दोनच ठेवले. एका फटक्यात कवी, नाटककार आणि कादंबरीकार 891.46 वर एक झाले. साहित्य संमेलनात हे कधी जमलंय?

शोधासाठी टचस्क्रीनचा कियॉस्क घ्या. आमच्याकडे परवा एक गृहस्थ तिसरा मजला चढून आले. धाप ओसरल्यावर त्यांनी कियॉस्कवर बोट ठेवलं. 'ळ' कुठे आहे ते शोधण्यात बराच वेळ गेला. शेवटी पाटी आली, '0 नोंदी आढळल्या.' मग ते टेबलामागच्या आमच्या ग्रंथपाल बाईंकडे वळले. "बाई, ते हिरव्या कव्हराचं हो, शेवटी म्हैस विकतात ते." बाईंनी मान वर न करता डावीकडच्या कपाटातून, वरून दुसऱ्या फळीवरून पुस्तक काढून दिलं. "मागच्या पावसाळ्यात तुम्हीच नेलं होतंत, काका. चाळीस पानांवर परत आणलंत."

हे प्रकार वेळीच थांबवा. यंत्रासमोर माणसाने इतकं हुशार असणं बरं दिसत नाही.

पगाराने ते आपोआप थांबतं म्हणा. शासनाचं परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारे पैसे, निम्मे वेतनावर, निम्मे इतर खर्चावर. 2012 नंतर कित्येक वर्षं 'ड', म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाला वर्षाकाठी 30 हजार मिळायचे. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला साडेबाराशे. पुढे 60 टक्के वाढ झाली. टक्केवारी ऐकून सत्कार करावासा वाटला, रक्कम काढली तर दोन हजारांच्या आसपास. कियॉस्कच्या देखभालीचा वार्षिक करार याहून महाग आहे. पण कियॉस्कला पोटापाण्यासाठी सकाळी शिकवण्या घ्याव्या लागत नाहीत.

अभ्यासिका विसरू नका. तिला एसी लावा, वायफाय द्या, खुर्चीमागे महिन्याचं भाडं घ्या. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सहाला येतात, रात्री दहाला जातात आणि पुस्तकं घरून आणतात. घरी चार जणांत एकच खोली, दुसरीकडे कुठे जाणार बिचारी. अहवालात ती सगळी 'वाचक' म्हणून धरायची. आमची वाचकसंख्या त्यामुळे कमालीची वाढली. देवघेवीची नोंदवही मात्र एकाच पानावर अडली आहे.

दर 12 ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घाला. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांचा चौथा नियम. आपण तो पूर्ण पाळतो. वाचक येतच नाही, त्याचा सगळा वेळ वाचतो.

आणि हो, आमच्या बाई येत्या ऑक्टोबरात काम सोडतायत. छत्तीस वर्षं झाली, पेन्शन नाही. निरोप समारंभ सभागृहात करावा असं कुणीतरी सुचवलं, पण त्या दिवशी तिथे साखरपुडा आहे, आगाऊ रक्कमही आली आहे. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच ठेवलाय. बाईंना जिना पाठ आहे.