सोंगाड्याच्या गळ्यातला नळ

आज डोकं तापलंय, त्यामुळे लांबण लागणार. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे सरकावं.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत पोरं एक नाटुकलं बसवत होती. लिहिलंय माझ्या पुतणीने, नववीत आहे. विषय टँकरचा. त्यातला चेअरमन आरतीच्या ताटात टँकरवाल्याची बिलं ठेवून ओवाळतो. आज समितीचा निरोप आला, ‘विषय छान आहे, पण जरा पॉझिटिव्ह करा. चेअरमनचं पात्र तेवढं काढा.’ अहो, मग उरलं काय? टँकर?

मी सहावीत असेन. कराडजवळच्या आमच्या गावच्या यात्रेत तमाशा आला होता. सरपंच पुढे खुर्चीवर. बतावणीत सोंगाड्या आला तो गळ्यात पितळी नळ बांधून. म्हणाला, “सरपंचांनी हार घातलाय मला. पाणी पुढच्या पंचवार्षिकला सुटंल.” गाव लोळलं. आणि सगळ्यांत मोठ्याने हसले सरपंच. उठून दहाची नोट दिली. परतताना दादा एवढंच म्हणाले, “हसला नसता तर संपला असता.”

ती भीती कुठे गेली, एवढाच माझा प्रश्न आहे.

नाथांच्या भारुडातली ती सून भवानीला रोडगा कबूल करते आणि बदल्यात सासरच्या एकेकाचा निकाल लावून मागते. त्याला आध्यात्मिक अर्थ आहे, ठाऊक आहे, कमेंटमध्ये शिकवू नका. पण चारशेहून जास्त वर्षं समोर बसलेल्या सासवा ते ऐकून हसतायत, हेही खरंच ना? कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ हे विनोदी लेख लिहिले तेव्हा खुळ्या रूढींची बाजू घ्यायला गोष्ट सांगणारा सुदामा आणि त्याचे दोस्त बंडूनाना, पांडूतात्या यांनाच पुढे केलं. म्हणजे चिमटा स्वतःच्याच दंडाला. आता आपल्या मोबाइलवर जे फिरतं त्यात चिमटा कायम पलीकडच्या पक्षाला. माझाही ग्रुप तसलाच आहे. आपल्या बाजूच्यावर कुणी विनोद टाकला की आपण लगेच ‘ही वेळ नाही’ म्हणतो.

बरं, पूर्वी सगळं आलबेल होतं असंही नाही. जोतीरावांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. भोळ्या कुणब्याला आणि त्याच्या बायकोला जोशी कसा नागवतो, आणि विदूषक मधे मधे त्याची सालं कशी काढतो, असं नाटक. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं, कमिटीने नाकारलं. ‘घाशीराम कोतवाल’ 1972च्या डिसेंबरात पुण्यात आलं, एकोणीस प्रयोगांनंतर थांबवलं गेलं. कमिटी तेव्हाही होती. मान्य. पण पुढे काय झालं? नाटक करणाऱ्या पोरांनी वेगळी संस्था काढली आणि घाशीराम पुन्हा उभा केला. आमच्या पोरांनी काय करावं? वेगळी सोसायटी काढावी?

आणि त्या सोंगाड्यामुळे गावाला पाणी आलं का, असं विचारणारे येतीलच. नाही आलं. यायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि त्यात सोंगाड्याचा काही हात नव्हता. झालं समाधान?

पण त्या रात्री सरपंचांना खुर्चीवरून उठावं लागलं, भर गावात, स्वतःच्या कोरड्या नळाला बक्षीस द्यायला. माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच राहिलंय. हसताना त्यांचे कान लाल झाले होते, हे आज लिहिता लिहिता आठवतंय.

आता खरं सांगतो. समितीच्या मीटिंगला मी होतो. स्क्रिप्ट माझ्यासमोर वाचलं गेलं. चेअरमन आमच्याच मजल्यावर राहतात, माणूस वाईट नाही, गेल्या वर्षी आईला रात्री दोनला दवाखान्यात त्यांनीच नेलं. मी फोनमध्ये डोकं घालून बसलो.

हे पुतणीला संध्याकाळी सांगितलं. ती काही बोलली नाही. तासाभराने नवी पानं घेऊन आली. चेअरमन काढलाय. त्याच्या जागी एक काका आलाय, मीटिंगमध्ये गप्प बसतो आणि घरी येऊन फेसबुकवर हातभर लिहितो. “काका, हे चालेल ना समितीला?”

हसलो. जरा जास्तच मोठ्याने.