आधी पेडण्याकडे बघा

11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवारागृहात ठेवायचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तो बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा, फक्त पिसाळलेले आणि अंगावर येणारे सोडू नका. 7 नोव्हेंबरला देशभरातल्या शाळा, दवाखाने, एसटी स्टँड यांच्या आवारातून कुत्रे हलवायचा आदेश आला. तेव्हापासून वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, जेटीवरचे कुत्रे एकदाचे संपवा, पोरांना शाळेत पाठवायची भीती वाटते. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाला हात लावलात तर पोलिसांत जाऊ. मध्येच कोणीतरी मला विचारतं, "ताई, तुमच्या जपानात रस्त्यावर एक कुत्रा दिसत नाही. आपल्याकडेच का जमत नाही?"

विचारणाऱ्याची काळजी खरी आहे. पण जपानची वाट आपल्याला चालणारी नाही, असं माझं मत आहे.

जपानने 1950 साली रेबीज प्रतिबंधाचा कायदा केला. कुत्र्याची नोंदणी सक्तीची, वर्षातून एकदा लस सक्तीची. टोकियोत माझ्या शेजारच्या आजोबांच्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला पत्र्याचे दोन छोटे बिल्ले आहेत, एक नोंदणीचा, दुसरा त्या वर्षीच्या लसीचा. 1957 नंतर या देशात प्राण्यांमध्ये रेबीज पसरलेला नाही. 2006 मध्ये दोघे जण रेबीजने गेले, त्यांना कुत्रा फिलिपाइन्समध्ये चावला होता. कौतुक करावं असंच हे काम आहे. पण त्याच कायद्याखाली बेवारस कुत्रे पकडून मोठ्या संख्येने मारले गेले, हेही सांगायला हवं. चारी बाजूंनी समुद्र, त्यामुळे बाहेरून कुत्रा चालत येत नाही. आणि इथे प्रत्येक कुत्र्याचा मालक कागदावर आहे.

आमच्या गावात? कुत्रा झोपतो एकाच्या खळ्यात, भात खातो दुसऱ्याच्या पडवीत, आणि सकाळी बाया मासळी साफ करायला बसल्या की आतडी-कल्ले मिळवायला जेटीवर हजर. कोणाचा म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "आमचोच, पण बांधूक नाय." असा कुत्रा पाळीव म्हणायचा की भटका? 'मालकाने बघावं' म्हटलं तर मालक सापडत नाही, 'भटके उचला' म्हटलं तर चार घरं भांडायला येतात.

अशाच कुत्र्यांचा रेबीज तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात, आटोक्यात आला आहे. नदीपलीकडच्या पेडणे तालुक्यातल्या गावात आणि आपल्या गावात माड तेच, जेटी तीच, कुत्रेही तसेच. गोवा सरकारने 'मिशन रेबीज' या संस्थेला बरोबर घेऊन दरवर्षी राज्यभर कुत्र्यांना लस टोचायला घेतली. पथकं वाडीवाडीत जातात. घरच्या माणसाने धरलेल्या कुत्र्याला तिथेच टोचतात. न धरला जाणारा असेल तर लांब दांड्याच्या जाळ्यात पकडतात, जाळ्यातूनच सुई, डोक्यावर रंगाची खूण, आणि लगेच मोकळा. मिनिटभराचं काम. त्याची नोंद मोबाइलवर होते, म्हणून कुठली वाडी राहिली ते संध्याकाळी कळतं. शाळेत जाऊन मुलांना शिकवतात, पिसाळलेल्या कुत्र्याची खबर द्यायला फोन नंबर आहे, मेलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासला जातो. 2018 आणि 2019 मध्ये गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला. 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

यामागचं गणित सोपं आहे. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रोगाला पुढचा कुत्रा सापडत नाही. माझा 'संपवा' या मताला विरोध आहे तो फक्त दयेपोटी नाही. मारलेल्या कुत्र्यांत टोचलेलेही जातात, जेटीवरचं खाणं तसंच राहतं, आणि वर्षाच्या आत तिथे न टोचलेली नवी पिल्लं फिरू लागतात. प्राणीप्रेमींनाही सांगते, नुसती बिस्किटं घालून भागत नाही. जो कुत्रा तुमच्या हातचं खातो, तो तुम्हीच टोचणाऱ्यासमोर धरू शकता. नसबंदी हवीच, पण तिला शस्त्रक्रिया, पिंजरे आणि वेळ लागतो. लसीने तिची वाट बघत बसू नये.

रेबीजने भारतात वर्षाला किती माणसं मरतात? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 18 ते 20 हजारांचा, अलीकडच्या देशव्यापी पाहणीचा 5,700च्या आसपास. धाकटा आकडा धरला तरी यातलं जवळजवळ प्रत्येक मरण टळणारं होतं. लक्षणं दिसली की उपाय उरत नाही, त्याआधी मात्र आहे: साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन, मग ठरलेल्या तारखांना बाकीची, आणि रक्त आलं असेल तर जखमेत सीरम, म्हणजे विषाणूला तिथेच अडवणारं औषध. आमच्याकडे अजून चुना, हळद, मिरची लावतात. पिल्लू चावलं तर सांगतही नाहीत. मूल ओरडा बसेल म्हणून गप्प राहतं, हे मला सगळ्यांत जास्त घाबरवतं. सीरम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, मग धावपळ सावंतवाडी, नाहीतर बांबोळी, म्हणजे गोव्याचं सरकारी मोठं हॉस्पिटल. मोठ्या आजाराला आपण बांबोळीला जातोच. मग तिथल्या सरकारने जे रस्त्यावर करून दाखवलं, तेही आणूया.

माझी मागणी ठरावापुरती आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 प्रमाणे ही जबाबदारी स्थानिक संस्थेवर येते, त्यात ग्रामपंचायतही आली. येत्या ग्रामसभेत ठराव करा, जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला पत्र द्या, शेजारच्या गावांना सोबत घ्या, कारण कुत्रा गावची शीव बघत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईकर आणि आम्ही परदेशातले पैसे पाठवतो, तसे यालाही पाठवू. जाळी, आणि जाळी धरणाऱ्या मुलांना आधीच टोचायच्या लसी, यांचा पहिल्या वर्षीचा खर्च मी देते. दुसऱ्या वर्षापासून तो पंचायतीच्या अंदाजपत्रकात यायला हवा. यंदाच्या मोहिमेनंतर जन्मलेली पिल्लं तोवर मोठी होऊन जेटीवर आलेली असतील, आणि त्यांना कोणी टोचलेलं नसेल.