गाडी खंयची?

स्पेअर पार्टच्या दुकानात पाय ठेवला की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, "गाडी खंयची?", म्हणजे कुठली, आणि माझी तिथेच बोलती बंद होते. बाकीची गिऱ्हाईकं पटकन मॉडेल सांगतात, वर्ष सांगतात, पार्ट पिशवीत घालून निघून जातात, आणि मी मात्र बाजूच्या स्टुलाकडे बघतो, कारण आमच्या जीपची माहिती उभ्याउभ्या सांगता येत नाही.

आरसी बुकाप्रमाणे ती सीजे थ्री बी, म्हणजे उंच बॉनेटवाली जुनी महिंद्रा, स्टिअरिंग डावीकडे. इंजिन त्याच कंपनीचं पण बऱ्याच पुढच्या जमान्यातलं, 2523 सीसीचं डीआय डिझेल, आधीच्या मालकाने कोल्हापूरला उद्यमनगरात बसवून घेतलेलं आणि आरटीओत रीतसर चढवलेलं. गिअरबॉक्स चार गिअरचा, पण तो कुठल्या गाडीचा यावर आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या मेकॅनिक लोकांत अजून एकमत नाही. त्याच्या मागचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, मूळचाच, जुना डाना 18. आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या मधे एक जाडजूड लोखंडी अ‍ॅडाप्टर प्लेट, जी कुणीतरी लेथवर बनवली आणि जिच्यावर ना नंबर ना नाव. एवढं सगळं मी सांगून होईपर्यंत दुकानदाराने दोन माणसं वाटेला लावलेली असतात. मग तो विचारतो, "बरं, पाहिजे काय?"

"क्लच प्लेट."

इथे तो हसतो. त्याचंही चुकत नाही म्हणा. बदललेल्या इंजिनाच्या गाडीत बाकी कुठलाही पार्ट चालेल, पण क्लच प्लेट नको, कारण दोन्ही घराणी नेमकी तिथेच भेटतात. प्लेटचा घेर फ्लायव्हीलप्रमाणे, म्हणजे इंजिनाच्या बाजूचा, आणि मधल्या भोकाचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणे. रिलीज बेअरिंगची, म्हणजे क्लच दाबला की प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगची, तीच कथा, आतला घेर गिअरबॉक्सकडून आणि उंची प्रेशर प्लेटच्या बोटांवरून. अशी प्लेट कुठलीच कंपनी बनवत नाही, का बनवेल? मग एका गाडीची प्लेट घ्यायची, दुसऱ्या गाडीच्या प्लेटचं सेंटर काढायचं आणि पहिलीत रिव्हेट मारून बसवायचं. म्हणजे पैसे दोन प्लेटचे द्यायचे आणि घरी एक आणायची.

मुळात हा उद्योग निघाला चोर्ला घाटात. केरी सोडून चढ लागला आणि इंजिन वरच्या पट्टीत ओरडायला लागलं पण जीप आपली जागच्या जागी रेंगाळतेय, मग जळक्या लायनिंगचा तो वास, जो एकदा नाकात गेला की आठवडाभर जेवताना पण येतो. क्लच स्लिप होतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण त्यात क्लच दाबला की एक किंचाळीही यायची, आणि तिच्यावरून गॅरेजमधे दोन पक्ष पडले. रिलीज बेअरिंग म्हणणारे एकीकडे, पायलट बुश म्हणणारे दुसरीकडे. आमच्या मेस्त्रींनी चहा संपवला, जीपमधे बसले, न्यूट्रलला क्लच हळूच दाबला, शांत. मग गिअर टाकून दाबला, किंचाळी. "बुश," म्हणाले आणि खाली उतरले. प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगला टेकताक्षणी आवाज आला असता तर बेअरिंग, पण गिअरात असताना क्लच दाबला की गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतो आणि इंजिन फिरत राहतं, त्यामुळे क्रँकच्या टोकातला तो पिटुकला बुश त्याच्याभोवती घासत बसतो. आमच्याकडे तो पण बाजारी नाही. इंजिनातलं भोक एका मापाचं, शाफ्टचं नाक दुसऱ्या मापाचं, म्हणून मधे गनमेटलचा बुश टर्न करून घातलेला. म्हणजे लेथवाल्याकडे जाणं आलं. आणि लेथवाला दुपारी एक ते चार झोपतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी पण झोपलो असतो.

मेस्त्रींबद्दल थोडं सांगायला पाहिजे. आयुष्य गेलं खाणीच्या ट्रकांखाली. आधी 2012 ला आणि मग परत 2018 ला खाणी बंद पडल्या, ट्रक घरासमोर उभे राहून गंजले, आणि यांच्या हाताला जे काम मिळेल ते आलं. त्यामुळे दहा टनी ट्रकचा गिअरबॉक्स ज्याने उतरवलाय त्याला आमचा गिअरबॉक्स म्हणजे खेळणं. हातात घेऊन, उलटसुलट करून, "इतलोच?" म्हणाले. मला जरा अपमान वाटला.

उतरवायला खेळणं असला तरी चढवायला नाही. जुन्याच शाफ्टचा तुकडा घालून प्लेट सेंटर केली, जॅकवर गिअरबॉक्स वर घेतला, मी खाली उताणा, तोंडावर गंजाची पावडर, पाऊस असा की गॅरेजच्या पत्र्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. गिअरबॉक्स सरकत सरकत आला, आला, आणि शेवटचा अर्धा इंच राहिला. तो अर्धा इंच काही केल्या जात नाही! हलवला, ढकलला, शिव्या घातल्या, परत काढला, परत घातला. तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याने सल्ला दिला की बोल्ट लावून आवळून घ्या, आपोआप ओढला जाईल. मेस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो रिक्षात जाऊन बसला. बोल्टने ओढायला गेलं तर एकतर हाउसिंगचा कान तुटतो नाहीतर शाफ्टचं नाक बुशाला फोडून आत जातं, आणि ते कळतं सगळी गाडी जोडून झाल्यावर. मेस्त्रींनी गिअर टाकला, मागच्या बाजूने आउटपुटचा फ्लँज हाताने इवलासा फिरवला, दुसऱ्या हाताने गिअरबॉक्स नुसता टेकवून ठेवलेला, आणि दात्यांत दाते बसून तो टक् करून आत गेला. मी आनंदाने उठायला गेलो आणि चेसिसवर डोकं आपटलं.

बदललेलं इंजिन हा खरं तर घरजावई, तो आला की घरातल्या सगळ्यांनी सरकून घ्यायचं. पुढचा डिफ्रन्शियल त्याच्या चेंबरला, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीला, लागतो म्हणून चेंबर कापून वेल्डिंग. फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि आपल्या पायांमधल्या पत्र्याला, हातोडा. प्रोपेलर शाफ्ट एक आखूड, एक लांब. रेडिएटर पुढे. गंमत म्हणजे त्या बॉनेटची उंची मुळात ज्याच्यासाठी वाढवली ते हरिकेन इंजिन, 2.2 लिटरचं पेट्रोल. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हेडात आणि एक्झॉस्ट ब्लॉकमधे, त्यामुळे ते अंगाने उंच. म्हणून विलीसने 1953 च्या मॉडेलला बॉनेट वर उचललं. ते इंजिन आमच्याकडून कधीच गेलं, पेट्रोल पिऊन पिऊन मालकाला रडवून गेलं म्हणतात, बॉनेट मात्र तेवढंच.

गॅरेजवर येणारे जाणारे सल्ले वेगळेच. एकजण म्हणाला कुळ्याला घेऊन जा, दूधसागरचे जीपवाले पाण्यातनं गाड्या घालतात, त्यांना सगळं माहीत. दुसरा, पणजीचा, जुन्या गाड्यांचा शौकीन, त्याने चक्क विचारलं की विंटेजमधे रजिस्टर का नाही करत. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, वीस हजार फी आहे, वगैरे त्याला तोंडपाठ. फक्त गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल नको. मी बॉनेट उघडून दाखवलं. त्याने आत पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं आणि हवामानावर बोलायला लागला.

चतुर्थी जवळ आली तशी माझी धाकधूक वाढली, कारण एकदा का माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, बाजाराला सुरुवात झाली की डिचोलीत पाना हातात धरणारा माणूस सापडत नाही. रोज संध्याकाळी विचारायचो, रोज उत्तर, "जातलें रे, फाल्यां पळोवया," म्हणजे होईल रे, उद्या बघू. आईने घरी विचारणंच सोडून दिलं. बायकोने मात्र त्या दोन प्लेटांची बिलं फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवली, काही न बोलता.

झालं एकदाचं. किंचाळी गेली, क्लच लोण्यासारखा वगैरे नाही पण पकडतो. हायवेला मात्र अजून तेच. मागचा डिफ्रन्शियल 5.38 चा, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टने 5.38 वेळा फिरायचं, चाक सोळा इंची, टॉप गिअरला इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारतं तेव्हा कुठे ताशी पंचाहत्तरच्या आसपास, त्यापुढे डिझेल नको म्हणतं. काळ्या प्लेटच्या भाड्याच्या स्कूटरवाले ओव्हरटेक करतात आणि वर अंगठा दाखवून जातात. त्यांना कौतुक असतं, मला कानात फक्त इंजिन.

निघताना मेस्त्रींनी एक काम केलं जे मला कधीच सुचलं नसतं. पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा आणला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला सगळी वंशावळ लिहून काढली. क्लच प्लेट कुठली, सेंटर कुठलं, बुश आतून किती बाहेरून किती, वरचा होज कुठल्या ट्रकचा कापून लावलाय, फॅन बेल्टचं माप. अक्षर वाकडंतिकडं पण वाचता येतं. आता दुकानात प्रश्न आला की मी तोंड उघडत नाही, मोबाईलमधला त्या बॉनेटचा फोटो पुढे करतो आणि दुकानदार चष्मा वर करून मुकाट्याने वाचायला घेतो. फक्त गिअरबॉक्सच्या ओळीत त्यांनी आधी एक नाव लिहिलं, मग शेजारच्या गॅरेजवाल्याशी वाद झाल्यावर ते पुसलं, आणि त्याच्या जागी एवढंच लिहिलंय: "तेल 90 नंबर."